जुन्या मॉडेल रेल्वेची दुरुस्ती: आधीच्या हातांच्या खुणा ओळखून इंजिन मार्गावर आणणं

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मॉडेल इंजिन तुमच्या हातात येतं, तेव्हा ते पहिल्यांदाच उघडलं जातंय असं जवळपास कधीच नसतं. मधल्या काळात कोणीतरी त्यात भरमसाठ तेल ओतलेलं असतं, हरवलेल्या स्क्रूच्या जागी हाताला लागला तो स्क्रू पिळलेला असतो, चाक उपटून अंदाजाने परत ठोकलेलं असतं. कारखान्यातून निघालेलं मूळ काम सहसा दणकट असतं, कारण ही इंजिनं उघडून दुरुस्त करता यावीत अशीच बनवली जात. म्हणून बिघाड शोधताना ‘काय झिजलं?’ याच्याइतकाच ‘इथे आधी कोणी काय केलं?’ हा प्रश्न विचारा. निम्म्या वेळा उत्तर दुसऱ्या प्रश्नातच मिळतं.

इथे मुख्यतः १६.५ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची) विजेवर चालणारी इंजिनं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. ३२ मिमीच्या ओ गेजबद्दल आणि किल्लीच्या इंजिनांबद्दल जे वेगळं आहे, ते त्या त्या ठिकाणी येईल.

वीज देण्याआधी

इंजिन मिळाल्या मिळाल्या रुळावर ठेवून ‘चालतंय का बघू’ हा मोह आवरा. वाळलेल्या वंगणामुळे मोटर अडकलेली असेल तर ती जागच्या जागी उभी राहून वीज खात राहते आणि आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या गाभ्याच्या) तारेवरचं जुनं वार्निश बघता बघता जळतं. पाच मिनिटांची साफसफाई पुरली असती, तिथे आर्मेचर नव्याने गुंडाळायची वेळ येते.

आधी इंजिन कोणत्या विजेवर चालतं ते नक्की करा. ब्रिटिश हॉर्नबी डब्लो १९३८ साली आलं ते तीन रुळांवर आणि १२ व्होल्ट डीसीवर. त्यांची दोन-रुळी इंजिनं १९५९ पासूनची. तीन-रुळी इंजिनाची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून विलग केलेली नसतात, त्यामुळे ते दोन-रुळी मार्गावर ठेवलं की थेट शॉर्ट होतं. जुनं जर्मन मार्कलिन एसीवर, १६ व्होल्टपर्यंत चालतं आणि दिशा बदलायला त्याला सुमारे २४ व्होल्टचा क्षणभराचा झटका लागतो. अमेरिकन लायनेलची ओ गेज इंजिनंही एसीवरच, साधारण ६ ते १८ व्होल्टवर, तीन रुळांवर चालतात.

नाव-गाव काहीच कळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. छोटा लोखंडी स्क्रू दोऱ्याला बांधून मोटरजवळ न्या. तो मोटरकडे ओढला गेला तर आत कायमचं चुंबक आहे, म्हणजे मोटर डीसीची. अजिबात ओढला गेला नाही तर बहुधा तारेच्या वेटोळ्यावर चालणारी एसी मोटर आहे. मात्र चुंबक पूर्ण मेलं असेल तरही ओढ लागणार नाही, म्हणून आत चुंबकाचा ठोकळा दिसतोय की तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं, तेही डोळ्यांनी पाहून घ्या. डीसी मोटरला एसी दिली तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते.

इंजिनासोबत आलेला जुना ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावू नका. त्या काळच्या वायरींवरचं रबर वाळून भुगा होतं आणि घरातल्या पूर्ण दाबाची वीज बाहेरच्या धातूच्या पेटीवर येऊ शकते. जुन्या रोधवाल्या नियंत्रकांत अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं, तेव्हा ते उघडायचंसुद्धा नाही. ती वस्तू शोभेला ठेवा. चाचणीसाठी नव्या बनावटीचा, करंटची मर्यादा ठरवता येणारा पुरवठा वापरा. ०.५ अँपिअरवर मर्यादा लावली की नवशिक्याच्या हातून होणारं बहुतेक नुकसान टळतं.

खुणा वाचणं

आता भिंग आणि चांगला उजेड घेऊन इंजिन फिरवून पाहा. प्रत्येक बाजूचा फोटो काढा, खालून जरूर. मग या गोष्टी शोधा.

स्क्रूच्या डोक्यावरची खाच कुरतडलेली असेल तर तो कधीतरी चुकीच्या मापाच्या पेचकसाने उघडलाय. शेजारच्या दोन स्क्रूंची डोकी वेगळ्या आकाराची असतील तर त्यातला एक परका आहे. १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश इंजिनावर फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो बहुधा नंतरचा. सोल्डरचा सांधा कारखान्यातला असेल तर लहान, गुळगुळीत आणि निमुळता असतो. त्यावर गोळा चढलेला किंवा आजूबाजूला तपकिरी चिकटा पसरलेला दिसला तर ते घरी केलेलं काम. चाकाच्या मध्यभागी, अ‍ॅक्सलच्या टोकावर हातोडीच्या खुणा असतील तर त्या चाकाचा दुसऱ्या बाजूच्या चाकाशी असलेला कोन हललेला आहे असं गृहीत धरूनच पुढे जा.

हे सगळं कागदावर लिहून ठेवा. पुढे इंजिन अडखळलं की सर्वांत आधी याच जागा तपासायच्या.

स्क्रू आणि आटे

हत्यारं फार लागत नाहीत: पात्याची रुंदी खाचेत नेमकी बसेल असे तीन-चार पेचकस, बारीक चिमटा, मल्टीमीटर, व्हर्निअर कॅलिपर, लाकडी टूथपिक, कापसाच्या काड्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लॅस्टिकला चालणारं पातळ तेल आणि तसंच ग्रीस. पोलादी लोकर कामाच्या टेबलावर आणूच नका. तिचे तंतू चुंबकाला चिकटतात, मोटरमध्ये शिरतात आणि कम्युटेटर (आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या, त्याच्या दांडीवरच्या तांब्याच्या पट्ट्या) शॉर्ट करतात.

आट्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त जुनी इंजिनं इथेच खराब होतात. ब्रिटिश मॉडेलांत सहसा बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे स्क्रू असतात, जर्मन मॉडेलांत मेट्रिक, अमेरिकन मॉडेलांत इंचाच्या मापाचे. ८ बीएचा व्यास २.२ मिमी आणि आट्यांतलं अंतर ०.४३ मिमी. अमेरिकन २-५६ चा व्यास जवळपास २.१८ मिमी आणि अंतर ०.४५ मिमी. मेट्रिक एम२ चा व्यास २ मिमी, अंतर ०.४ मिमी. डोळ्यांना तिन्ही एकच वाटतात.

२-५६ चा स्क्रू ८ बीएच्या भोकात दोन फेरे अगदी सहज जातो. तिसऱ्या फेऱ्याला जड होतो. इथे ‘थोडा गंज असेल’ म्हणून जोर लावला की पोलादी स्क्रू मऊ जस्ताच्या ओतीव भागात स्वतःचे आटे कापत जातो आणि मूळ आटे मरतात. एम२ त्याच भोकात सैल बसतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि इंजिन चार फेऱ्या फिरलं की गळून पडतो. नियम सोपा आहे: बोटांच्या चिमटीत पेचकस धरून स्क्रू निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे. नाही गेला तर तो त्या भोकाचा नाही.

स्क्रू परत बसवताना आधी अर्धा फेरा उलटा फिरवा. जुन्या आट्यांत ‘टक्’ असं खाली बसल्याचं बोटांना जाणवतं. तिथून सुलटा फिरवा, म्हणजे नवे आटे पडत नाहीत. आटे आधीच गेले असतील तर भोक मोठं करण्याची घाई नको. योग्य मापाच्या स्क्रूला मेणाचा हात लावून भोकात थोडं इपॉक्सी भरा, स्क्रू बसवा आणि इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर काढा. वरचं कवच धरून ठेवण्याइतके आटे मिळतात. मोटर धरणाऱ्या स्क्रूला मात्र हे पुरत नाही. तिथे पितळी बुश, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवावा लागतो.

जस्ताचा रोग

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतीव भागांत, आणि क्वचित नंतरच्याही, एक दोष असतो ज्यावर इलाज नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडं जरी मिसळलं गेलं, तरी दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवरून आत गंज चढत जातो. भाग फुगतो, वाकतो, त्यावर बारीक तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. १९२९ मध्ये अमेरिकेत अतिशुद्ध जस्तावर आधारित झॅमॅक मिश्रधातू आला तेव्हा उपाय सापडला होता. पण कारखान्यात उरलेलं शिशाचं भंगार त्याच भट्टीत पडलं की शुद्ध जस्तही बिघडे.

ओळखायचं कसं? चाकाचा व्यास व्हर्निअरने चार-पाच ठिकाणी मोजा. निरोगी चाकात फरक ०.०५ मिमीच्या आसपास राहतो. रोगी चाक कुठे फुगलेलं, कुठे लंबगोल निघतं. ओतीव चासीवर (इंजिनाच्या खालच्या सांगाड्यावर) सरळपट्टी ठेवून खालून उजेड पाहा, मध्ये वाक असेल तर दिसतो. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर शंकाच नको.

हा रोग एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात नाही, त्यामुळे वेगळं ठेवायची गरज नाही. कोरड्या, तापमान फार वर-खाली न होणाऱ्या जागी ठेवलं तर त्याची गती मंदावते. रोगी चाक ओढून काढताना मात्र ते हातातच फुटू शकतं. म्हणून बदली चाक जवळ असल्याशिवाय हात घालू नका. तडे गेलेली चासी चिकटवून चालवू नका. ती पुन्हा फुगेल आणि अ‍ॅक्सलची भोकं परत आवळली जातील.

आणखी एक सावधगिरी. गंज काढायला बरेच जण व्हिनेगर वापरतात. पोलादाच्या सुट्या भागासाठी ते ठीक, पण जस्ताला आम्ल खातं. ओतीव भाग व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावरचे कोरीव तपशील बुजलेले असतील.

उघडणं आणि सफाई

लहान लहान कप्प्यांचा डबा घ्या आणि निघालेला प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने एकेका कप्प्यात ठेवा. एकाच अ‍ॅक्सलची दोन्ही बाजूंची वायसरं वेगळ्या जाडीची असू शकतात. ती मुद्दाम तशी बसवलेली असतात. कोणती कुठली हे लिहून ठेवा.

वाळलेलं तेल पिवळ्या-तपकिरी डिंकासारखं होतं. ते नव्या तेलाने विरघळेल या आशेवर वर तेल ओतू नका. असंच ओतलेलं तेल तुम्हाला आत सापडणार आहे. गियर आणि अ‍ॅक्सलच्या भोकांमधला डिंक अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने उचला, काडी बदलत राहा आणि ती स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. मोटर काढलेली, रंग न दिलेली चासी कोमट पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुता येते. नंतर केस वाळवायच्या यंत्राच्या मंद हवेने लगेच पूर्ण कोरडी करा.

तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल इतकंच: प्रत्येक अ‍ॅक्सलच्या भोकाला एक, मोटरच्या प्रत्येक बेअरिंगला एक थेंब. वर्म (मोटरच्या दांडीवरचा, गियर फिरवणारा स्क्रूसारखा भाग) आणि गियरला मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस. ट्रायअँगच्या एक्स०४ सारख्या मोटरीत बेअरिंगपाशी फेल्टचा तुकडा असतो. त्याचं काम तेल साठवून थोडं थोडं सोडणं. तो कोरडा टणक झाला असेल तर अल्कोहोलने धुऊन, वाळवून त्याला दोन थेंब द्या. कम्युटेटरच्या बाजूच्या बेअरिंगला तेल देताना विशेष जपा. तिथून ओघळलेलं तेल कार्बनच्या भुकटीत मिसळलं की त्याचं वीजवाहक काळं लुकण होतं आणि मोटर आतल्या आत शॉर्ट होऊ लागते.

मोटर: मीटर काय सांगतो

जुन्या डीसी मोटरमध्ये बहुधा तीन ध्रुवांचं आर्मेचर, तीन पट्ट्यांचा कम्युटेटर, दोन ब्रश (कम्युटेटरवर टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे) आणि एक कायमचं चुंबक असतं. क्रमाने तपासा.

१. कम्युटेटर अल्कोहोलने पुसा. पट्ट्यांमधल्या तीन खाचांतली काळी भुकटी टोक केलेल्या लाकडी टूथपिकने काढा. पोलादी टाचणी नको. ती तांब्यावर ओरखडा काढते आणि त्या ओरखड्याची कड ब्रश खात राहते.

२. ब्रश दूर करून मल्टीमीटरने पट्ट्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. समजा प्रत्येक वेटोळं १२ ओहमचं आहे. तिन्ही वेटोळी त्रिकोणात जोडलेली असल्याने निरोगी आर्मेचरमध्ये प्रत्येक जोडी ८ ओहम दाखवेल. एक वेटोळं तुटलं असेल तर एका जोडीत २४ आणि उरलेल्या दोन जोड्यांत १२-१२ दिसतील. एक आकडा दुसऱ्यांच्या बरोबर दुप्पट आला की निदान पक्कं. एखादी पट्टी दोघींशीही काहीच दाखवत नसेल तर त्या पट्टीपाशी तारेचा सोल्डर सुटलाय, आणि ही आनंदाची बातमी आहे, कारण तो सांधा परत जोडता येतो. एखाद्या जोडीचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर त्या वेटोळ्याच्या तारा आतल्या आत चिकटल्यात.

३. प्रत्येक पट्टी आणि आर्मेचरची दांडी यांच्यातला रोध मोजा. तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये. दिसली तर वार्निश जळून तार लोखंडाला टेकलीय.

४. ब्रशची लांबी मोजा. नव्याच्या तिसऱ्या भागाएवढा उरला असेल तर दोन्ही एकदम बदला. नव्या ब्रशचं टोक सपाट आणि कम्युटेटर गोल असतो, म्हणून बसवल्यावर इंजिन उचलून धरून निम्म्या दाबावर दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास चालवा. टोकाला गोलाई आली की ठिणग्या कमी होतात.

एक्स०४ मध्ये दोन्ही ब्रश एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबलेले असतात. त्या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक नळीसारखं रोधक आवरण असतं, जेमतेम काही मिलिमीटरचं. साफसफाईत ते गळून पडतं, फरशीवर दिसतही नाही, आणि मोटर जोडल्यावर थेट शॉर्ट. मोटर साफ केल्यानंतर ‘अचानक’ शॉर्ट व्हायला लागली तर आधी हे आवरण पाहा. नसेल तर बारीक वायरवरून सोललेली प्लॅस्टिकची नळी त्याच लांबीची कापून चढवा.

चुंबकाला मात्र विनाकारण हात लावू नका. त्या काळची अल्निकोची चुंबकं लोखंडी चौकटीतून काढली, किंवा मधलं आर्मेचर काढून घेतलं, की त्यांची ताकद कमी होते आणि परत बसवल्यावर ती भरून येत नाही. काढावंच लागलं तर आधी दोन ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी टेकवा आणि पुन्हा जोडेपर्यंत ती हलवू नका. कमजोर चुंबकाचं लक्षण फसवं आहे: मोटर मोकळी असताना नेहमीपेक्षा वेगाने फिरते, पण दोन डबे जोडले की दमते, जास्त करंट घेते आणि तापते. असं चुंबक पुन्हा चुंबकित करून घेता येतं. निओडिमियमचे पातळ चुंबक लोखंडी पट्टीसोबत बसवण्याचा मार्गही आहे. मात्र फार ताकदीचे घेतले तर आर्मेचर प्रत्येक ध्रुवापाशी अडकतं आणि इंजिन हळू चालतच नाही.

रेडिओ-टीव्हीतली खरखर थांबवायला बसवलेला जुना कपॅसिटरही तपासा. त्याचा एक पाय सोडवून रोध मोजा. स्थिर, लहान आकडा आला तर तो गेलाय. त्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्ट किंवा अधिकचा सिरॅमिक कपॅसिटर चालतो. जुना पाकिटात जपून ठेवा.

एसी इंजिनांचं वेगळेपण

मार्कलिनच्या चपट्या, तबकडीसारख्या कम्युटेटरच्या मोटरीत दोन ब्रश वेगवेगळे असतात: एक कार्बनचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा. हे झीज झाल्यामुळे नाही, मूळ रचनाच तशी आहे. दोन्ही कार्बनचे किंवा दोन्ही जाळीचे सापडले तर आधीच्या कोणीतरी चुकीचे भाग घातलेत. दंडगोल, ढोलासारख्या कम्युटेटरला मात्र दोन्ही कार्बनचेच लागतात.

दिशा बदलणाऱ्या रिलेची स्प्रिंग फार सैल असेल तर नियंत्रक वर नेताना इंजिन मधेच उलटं पळतं. फार ताणलेली असेल तर झटका देऊनही दिशा बदलत नाही. ही स्प्रिंग वाकवायची नाही. जिथे ती अडकवलीय त्या पत्र्याच्या कानाला केसभर वाकवा आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्या.

लायनेलमध्ये दिशा बदलायला एक छोटा ढोल असतो. वीज तुटली-जोडली की तो एक दात पुढे सरकतो. तो अडखळत असेल तर ढोल आणि त्यावर टेकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसा. तेल अजिबात नको. त्या पट्ट्या फार पातळ असतात, चिमट्याने ओढल्या तर तुटतात.

चाकं, दांडे आणि कोन

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलात डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिनांमध्ये (चाकावरच्या, दांडा अडकवायच्या खुंट्यांमध्ये) ९० अंशांचा फरक असतो. तो नेमका ९० आहे की ८९, याने फारसं बिघडत नाही. सगळ्या अ‍ॅक्सलवर तो सारखा असायलाच हवा. एका अ‍ॅक्सलचा कोन जरा वेगळा झाला की इंजिन प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी दचकतं. ही दचक मोटरमधून येते की दांड्यांतून, हे कळायला चाकांना जोडणारे बाजूचे दांडे काढा आणि मोटर चालवा. दचक गेली तर दोष कोनात, किंवा वाकलेल्या दांड्यात.

मग एका वेळी दोनच अ‍ॅक्सल दांड्याने जोडून हाताने फिरवा. मोटरशी जोडलेला अ‍ॅक्सल प्रमाण माना, कारण बाकीच्यांना त्याच्याशी जुळायचं आहे. ज्याला जोडल्यावर अडखळतं तो दोषी. त्याचं एक चाक स्थिर धरून दुसरं अगदी थोडं, अंश-दोन अंश, पिळा आणि पुन्हा फिरवून पाहा. चाक पूर्ण काढावं लागलं तर अ‍ॅक्सलवरच्या खाचांची पकड गेलेली असते. परत बसवताना पक्कं करणाऱ्या अ‍ॅनेरोबिक द्रावाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. जास्त झाला तर तो बेअरिंगमध्ये शिरून अ‍ॅक्सलच जाम करतो. दांड्याचं भोक घासून मोठं करणं ही जुन्या दुरुस्त्यांमधली नेहमीची पळवाट आहे. तसं भोक दिसलं तर दांडा बदलायला हवा, कारण आता कोन बरोबर केला तरी खडखड राहणार.

चाकांच्या आतल्या पृष्ठांमधलं अंतरही मोजा. १६.५ मिमी गेजवर आजच्या चाकांसाठी ते १४.४ ते १४.५ मिमी असतं. जुन्या चाकांची कडा जाड असल्याने ते कमी असतं आणि म्हणूनच ती नव्या सांध्यांवर (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांवर) चढतात. अंतर वाढवून हा दोष जात नाही. जाड कडा मग दुसऱ्या बाजूला घासते. खोल कडांची चाकं २.५ मिमी उंचीच्या रुळांवर ठीक चालतात, पण १.९ मिमीच्या बारीक रुळांवर स्लीपरवरच्या खुंट्यांना ठोकर देत जातात. जुन्या इंजिनाला जुन्या मापाचा मार्ग द्यावा, चाकं कापू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

चाकावरच्या रबरी पट्ट्या टणक झाल्या असतील तर खाचेचा व्यास मोजा आणि त्याहून १० ते १५ टक्के लहान पट्टी घ्या. मोठी असेल तर घसरते, फार लहान असेल तर ताणून फुटते.

किल्लीची इंजिनं

उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण मोकळी झालीच पाहिजे. चाकं हवेत धरून यंत्र थांबेपर्यंत चालू द्या. अडकलेलं असेल तर किल्ली घट्ट धरून, अडकवणारा खटका हळूच उचलून तिला हातातल्या हातात फिरू द्या. भरलेली स्प्रिंग चौकट सोडताच सुटते आणि बोटं कापते. स्प्रिंगचं आतलं टोक दांडीच्या आकड्यातून निसटलं असेल तर किल्ली ‘टक्’ न होता नुसती फिरत राहते.

कवच, रंग आणि योग्य भाग

पत्र्याच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि धूळ श्वासात जाऊ देऊ नका. सफाईसाठी ओलसर मऊ कापड, साबणाचं सौम्य पाणी, एका वेळी नखाएवढी जागा. अक्षरं आणि चिन्हं जिथे चिकटवली आहेत तिथे अल्कोहोल नकोच. आधी न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने तपासा, रंग काडीवर आला तर थांबा. ओरखडे असलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा असतो. तो एकदा काढला की परत येत नाही.

ट्रायअँगच्या सुरुवातीच्या काही कवचांचं प्लॅस्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं आहे. ते आकसतं, पिळवटतं आणि कधी कधी त्याला आंबट वास येतो. गरम पाण्यात घालून सरळ करायला गेलात तर आणखी वाकेल. मोकळ्या हवेत ठेवणं एवढंच हाती आहे.

तुटलेला जस्ताचा भाग सोल्डर करायचा प्रयत्न करू नका. दोन्ही तुकड्यांत ०.८ मिमीचं भोक पाडा, पितळी तारेची खुंटी घाला आणि सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने जोडा.

बदली भाग घेताना एकाच नावाच्या इंजिनाच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या आवृत्त्या ताडून पाहा: कपलिंगचा प्रकार, चाकाच्या आऱ्या, बफर, नंबराची अक्षरं. पहिल्या वर्षाच्या कवचाखाली दहा वर्षांनंतरची चासी सापडणं अगदी नेहमीचं आहे. इंजिन तसंही चालतं, पण ते काय आहे हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. नव्याने बनवलेला भाग बसवलात तर त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला टोकदार सुईने साल कोरा. पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

पहिली धाव

मोटर चासीत, पण दांडे काढलेले, असं आधी चालवा. करंटची मर्यादा ०.५ अँपिअर, दाब शून्यापासून हळूहळू वर. १६.५ मिमीचं जुनं इंजिन डबे नसताना साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत राहिलं पाहिजे. मर्यादेलाच टेकत असेल तर अडकण, चुंबक किंवा आर्मेचर, या क्रमाने पाहा. मग दांडे जोडा आणि आकडा पुन्हा वाचा. दांडे जोडल्यावर करंट बराच वाढला किंवा काटा प्रत्येक फेऱ्याला उड्या मारू लागला तर कोनाकडे परत जा.

दहा मिनिटं चालल्यावर मोटरला बोट लावा. कोमट ठीक, बोट ठेववत नसेल तर थांबवा. त्यानंतर इंजिन उलटं करून जादा निघालेलं तेल टिपून घ्या, आणि करंटचे दोन्ही आकडे, दिलेलं तेल, बदललेले भाग आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून, काढलेल्या जुन्या भागांच्या पाकिटासोबत इंजिनाच्या खोक्यात ठेवा.